बुसान चार दिवसांत कसं पाहावं: आधी पश्चिम, मग पूर्व

दक्षिण कोरियाला जाणारी आपली बहुतेक मंडळी सेऊलहून गाडी पकडून बुसानला येतात, हेउन्डेच्या किनाऱ्यावर दोन रात्री काढतात, रुळांवरच्या रंगीत डब्यांत बसून फोटो काढतात, समुद्रकाठचं देऊळ पाहतात आणि परत फिरतात. हेउन्डे सुंदर आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती बुसानची ओसरी झाली. माजघर आणि चूल शहराच्या पश्चिमेला आहे, नाम्पो, जागाल्ची, यॉंगदो, गामचॉन या भागात.

त्याचं कारण समजून घेतलं तर सगळी सहल सोपी होते. जून १९५०मध्ये कोरियन युद्ध सुरू झालं आणि काही आठवड्यांत जवळजवळ सगळा दक्षिण कोरिया उत्तरेच्या फौजांच्या हाती गेला. आग्नेयेचा हा कोपरा तेवढा टिकला. १९५३पर्यंतचा बहुतेक काळ बुसान ही देशाची तात्पुरती राजधानी होती. देशभरातून निर्वासित इथे आले आणि शहराची वस्ती जवळपास दुप्पट झाली. सपाट जमीन मुळातच कमी, म्हणून लोक डोंगरांवर चढले आणि मिळेल त्या पत्र्या-फळ्यांनी घरं बांधली. बाजार, डोंगरावरच्या वाड्या, इथलं खाणं, या सगळ्याचं मूळ त्या तीन वर्षांत सापडतं. म्हणून माझा आग्रह असा: पहिले दोन दिवस पश्चिमेला द्या, मग पूर्वेला जा. डोंगरउतारावरची ती दोन खोल्यांची घरं पाहून आल्यावर हेउन्डेचे काचेचे मनोरे वेगळेच दिसतात.

मी गेले होते ऑक्टोबरमध्ये, सासूबाईंना घेऊन. त्या पक्क्या शाकाहारी, वय सत्तरीकडे झुकलेलं, गुडघे कुरकुरणारे. मी मालवणची, म्हणजे माशांशिवाय माझं चालत नाही. त्यामुळे खाण्याच्या आणि चालण्याच्या दोन्ही बाजू आम्हाला चांगल्याच कळल्या.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टवर कोरियाचा व्हिसा आधीच काढावा लागतो. मुंबईत कोरियाचं वाणिज्य दूतावास आहे. कागदपत्रांची यादी अर्ज करण्याच्या वेळी पुन्हा तपासा, ती अधूनमधून बदलते. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. बुसानहून बोटीने जपानच्या त्सुशिमा बेटावर किंवा फुकुओकाला जाता येतं, आणि हवा स्वच्छ असेल तर त्सुशिमा बुसानच्या किनाऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मोह होतोच. पण त्यासाठी जपानचा व्हिसा हवा, आणि कोरियाचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. एका प्रवेशाचा व्हिसा असेल तर बेट बघून परत येता येणार नाही.

ऋतू निवडताना एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पूर्वार्ध, यातलंच काही धरा. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला चेरी फुलते. जूनच्या शेवटापासून जुलैभर तिथला पावसाळा असतो, ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर अर्धा कोरिया उतरतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळांची भीती. हिवाळ्यात आकाश निळंशार असतं, पण समुद्रावरून येणारा वारा बोचतो, कानटोपी लागतेच. चांद्र नववर्ष आणि छुसॉक (शरद ऋतूतला सुगीचा सण) या दोन सणांच्या आसपास मात्र जाऊ नका. गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत आणि घरगुती खानावळी बंद असतात.

मोबाइलमध्ये तीन गोष्टी घालून ठेवा: नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप, भाषांतरासाठी पापागो आणि टॅक्सीसाठी काकाओ टी. आपण रोज वापरतो तो गूगलचा नकाशा कोरियात पायी जाण्याचा रस्ता नीट दाखवत नाही, आणि बुसानच्या जिन्यांच्या गल्ल्यांत तर त्याच्या भरवशावर राहूच नये.

पैशांचं गणित साधं आहे. हजार वॉन म्हणजे साधारण साठ-पासष्ट रुपये. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, पण बाजारातल्या टपऱ्यांसाठी आणि प्रवासाचं कार्ड भरण्यासाठी रोख हवी. हे कार्ड म्हणजे टी-मनी. कोपऱ्याकोपऱ्यावर सीयू, जीएस २५ अशी छोटी दुकानं असतात, तिथे ते मिळतं. मेट्रो, बस, लाइट रेल सगळीकडे तेच टेकवायचं. बसमधून उतरतानाही टेकवा, म्हणजे पुढच्या बस-मेट्रोला भाड्यात सवलत मिळते. टिप देण्याची पद्धत नाही. देऊ गेलात तर समोरचा माणूस अवघडतो.

पोहोचायचं कसं, राहायचं कुठे

सेऊल स्टेशनवरून केटीएक्स ही वेगवान रेल्वे बुसानला साधारण अडीच-पावणेतीन तासांत आणून सोडते. साध्या वर्गाचं भाडं साठ हजार वॉनच्या आसपास आहे. तिकीट महिनाभर आधी काढता येतं. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवारच्या गाड्या लवकर भरतात, म्हणून तारीख पक्की झाली की लगेच काढा. विमानाने आलात तर गिम्हे विमानतळावरून लाइट रेलने सासांग, तिथून मेट्रोची २ क्रमांकाची हिरवी लाइन थेट हेउन्डेपर्यंत जाते.

मेट्रोच्या चार लाइनी आहेत, पण तुम्हाला दोनच पाठ हव्यात. १ क्रमांकाची नारिंगी लाइन पश्चिमेची: बुसान स्टेशन, नाम्पो, जागाल्ची, तोसॉंग आणि उत्तरेला बॉमॉसा. २ क्रमांकाची हिरवी लाइन पूर्वेची: ग्वांगान, सेंटम सिटी, हेउन्डे. दोन्ही सॉम्यॉनला भेटतात. नाम्पोहून हेउन्डेला पाऊण तासाच्या वर लागतो. शहर लांबट आहे, मध्ये डोंगर आडवे येतात, म्हणून एकाच दिवशी सकाळी गामचॉन, दुपारी समुद्रकाठचं देऊळ, संध्याकाळी जागाल्ची असा बेत केला तर दिवस मेट्रोतच जातो.

तरुण असाल, सामान कमी असेल, तर दोन रात्री नाम्पोत आणि दोन हेउन्डेत राहा. आम्ही तसं केलं नाही, कारण सासूबाईंना मुक्काम हलवणं नको होतं. सॉम्यॉनला राहिलो, आणि वयस्कर माणसांसोबत तेच बरं. दोन्ही लाइनी पायाखाली, समुद्र मात्र खिडकीतून दिसत नाही.

पहिला दिवस: डोंगरावरची घरं

गामचॉन या वाडीचे निळे-गुलाबी घरांचे फोटो तुम्ही पाहिलेले असतील. तिथे सकाळी नऊपर्यंत पोहोचा. तोसॉंग स्टेशनच्या ६ क्रमांकाच्या दारातून बाहेर पडलं की सो-गू २, सो-गू २-२ किंवा साहा १-१ या छोट्या बसगाड्या वर जातात. चढ इतका उभा आहे की चालत जाण्याचा विचारही करू नका. बसचालक वळणांवरून गाडी अशी घालतो की आपल्या घाटातल्या एसटीची आठवण येते.

१९५०च्या दशकात एका धर्मपंथाचे निर्वासित अनुयायी इथे येऊन राहिले. घरं एकावर एक पायऱ्यांसारखी बांधली, पण एक नियम पाळला: पुढच्या घराने मागच्या घराचा उजेड आणि समोरचा देखावा अडवायचा नाही. आज फोटोत जी सुंदर उतरंड दिसते ती त्या नियमातून आली आहे. रंग आणि चित्रं नंतरची, २००९च्या कलाप्रकल्पापासूनची. माहिती केंद्रात नकाशा विकत मिळतो, त्यावर वाडीभर फिरून शिक्के मारायचे असतात. मुलं सोबत असतील तर जरूर घ्या, त्या निमित्ताने ती कुरकुर न करता जिने चढतात. «छोटा राजपुत्र» या फ्रेंच पुस्तकातल्या मुलाच्या पुतळ्याशेजारी बसून फोटो काढायला लांब रांग लागते. नऊला गेलात तर पाच मिनिटांत होतं, अकराला गेलात तर विसरा.

ही राहती वस्ती आहे. खिडकीत वाळत घातलेले कपडे, दारातल्या मिरच्यांच्या कुंड्या, आतून येणारा भांड्यांचा आवाज. घरांच्या आत कॅमेरा रोखू नका, हळू बोला. भिंतींवर तशा सूचना लिहिलेल्याही आहेत.

परत येताना बस न धरता टेकडीच्या अलीकडच्या बाजूला आमी-दोंगच्या दगडांच्या वस्तीत उतरा. ही जागा फारशा यादीत नसते, आणि माझ्या मते ती चुकवू नये. जपानी राजवटीत इथे जपान्यांची दफनभूमी होती. १९४५मध्ये जपानी गेले, पाच वर्षांनी निर्वासित आले, आणि त्यांच्याकडे दुसरी जागा नव्हती. त्यांनी थडग्यांवरच घरं उभारली. नावं कोरलेले दगड पायात घातले, पायरीला लावले. आजही एखाद्या घराच्या कोपऱ्यात, गॅसच्या टाकीखाली, पायरीच्या कडेला जपानी अक्षरं दिसतात. सासूबाई एका पायरीपाशी थांबल्या, तिच्यावर पाय न देता बाजूने चढल्या. काही बोलल्या नाहीत.

तिथून उताराने तोसॉंगकडे आलं की तात्पुरत्या राजधानीचं स्मारक लागतं. युद्धकाळात राष्ट्राध्यक्ष सिंगमन री ज्या घरात राहिले ते हे विटांचं दुमजली घर. सोमवारी बंद असतं. तासाभरात होतं.

दुपारनंतर पाय मोकळे करायला बोसू-दोंगची पुस्तकगल्ली. निर्वासितांनी जुनी पुस्तकं, मासिकं मांडून विकायला सुरुवात केली, त्यातून ही गल्ली झाली. कोरियन येत नसलं तरी छतापर्यंत रचलेले गठ्ठे आणि त्यांच्यामधून आडवा होऊन चालणारा दुकानदार बघण्यासारखा असतो. समोर रस्ता ओलांडला की गुकजे बाजार, त्याला लागून कांगथोंग बाजार. कांगथोंग म्हणजे पत्र्याचा डबा. अमेरिकन छावण्यांमधून बाहेर आलेले डबाबंद पदार्थ इथे विकले जात, म्हणून हे नाव पडलं. संध्याकाळी इथे खाण्याच्या गाड्या लागतात.

जागाल्चीत मासे कसे घ्यावेत

हा भाग मी जरा विस्ताराने लिहिते, कारण इथे लोक गोंधळतात आणि मग वर बसून महागडं जेवून येतात.

जागाल्ची हा कोरियातला सर्वांत नावाजलेला मासळीबाजार. बाजार चालवतात त्या बायका, त्यांना जागाल्ची आजुम्मा म्हणतात. आजुम्मा म्हणजे आपली मावशी किंवा काकू. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, फुलाफुलांचा झगा, हातात रबरी मोजे, आणि आवाज असा की ससून डॉकवर ऐकल्यासारखा वाटावा. लाल प्लास्टिकच्या घमेल्यांत सतत पाणी वाहत असतं. मी एका मावशीसमोर बराच वेळ उभी राहिले. ती गाल्ची साफ करत होती, म्हणजे आपली वाकटीच, पण हातभर लांब आणि आरशासारखी चकचकीत. एका हाताने शेपूट धरायची, सुरी पोटावरून एकदा फिरवायची, आणि चार तुकडे समान पडायचे. मी पाहतेय हे लक्षात आल्यावर तिने एक तुकडा उचलून मला दाखवला, अंगठा वर केला. आमची तेवढीच ओळख.

आता पद्धत. मुख्य इमारतीच्या तळमजल्यावर जिवंत मासे आणि शिंपले, वरच्या मजल्यावर बसून खायची सोय. आधी एक पूर्ण फेरी मारा, काही घेऊ नका. बोलावतील, हसून पुढे जा. मग दोन-तीन ठिकाणी किलोचा भाव विचारा. कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायला सांगा, म्हणजे पुढे वाद नको. मासा निवडला की तो तुमच्यासमोर वजन करून घ्या. त्यानंतर, आणि हे विसरू नका, वर बसण्याचे माणशी किती आणि शिजवण्याचे किती हे तिथेच विचारा. माशाची किंमत आणि वरचा खर्च वेगळा असतो. कच्चा मासा नको असेल तर तसं स्पष्ट सांगा, कारण न सांगितल्यास तो पातळ काप करून कच्चाच येतो. उरलेल्या डोक्या-काट्यांचा माएउनथांग नावाचा लाल तिखट रस्सा करून मागा. तो खाताना मला घरची आठवण आली. नारळ नाही, कोकम नाही, पण तिखटाची धार ओळखीची.

एवढा उपद्व्याप नको असेल तर इमारतीबाहेरच्या गल्ल्यांत भाजलेल्या माशांच्या छोट्या खानावळी आहेत. तव्यावर गोदुंगॉ, म्हणजे बांगड्याचाच भाऊबंद, वर जाडं मीठ, सोबत भात आणि पाच-सहा लहान वाट्यांत भाज्या. हा बुसानचा अधिकृत नगरमासा आहे. एकट्या माणसाला हे सगळ्यात परवडतं आणि मला विचाराल तर सगळ्यात रुचकरही हेच. मुख्य इमारत काही मंगळवारी बंद असते, म्हणून मंगळवार टाळा.

शाकाहारी असाल तर

अडचण आहे, पण उपाशी राहावं लागत नाही. खरी अडचण मांसाची नसून माशांच्या पाण्याची आहे. भाजीच्या रश्शाला सुक्या मांदेलीसारख्या बारीक माशांचा अर्क असतो, किमचीत कोळंबीचं किंवा माशांचं खारवण असतं. «मांस काढून द्या», म्हणजे «गोगी प्पेजुसेयो», एवढं म्हटलं तर मांस जातं, रस्सा राहतो. म्हणून पापागोवर पूर्ण वाक्य कोरियनमध्ये करून ठेवा: मांस, मासे, माशांचा रस्सा, अंडं, काहीच चालत नाही. आणि ते दाखवा.

बिबिम्बाप, म्हणजे भातावर वेगवेगळ्या भाज्या, हा त्यातल्या त्यात खात्रीचा पदार्थ. अंडं आणि मांस वगळायला सांगायचं. नाम्पोच्या चित्रपट चौकात शिआत होत्तोक मिळतो: तव्यावर तेलात तळलेली गोड पोळी, कात्रीने तोंड उघडून आत सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या बिया भरतात. आतला साखरेचा पाक उकळता असतो, पहिला घास घाईने घेऊ नका. भाजलेली रताळी छोट्या दुकानांत मिळतात. हेउन्डे भागात भारतीय हॉटेलं आहेत.

आमचा सगळ्यात मोठा आधार मात्र वेगळाच निघाला. छोट्या दुकानांत तयार भाताची बंद वाटी मिळते, तिथल्याच मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं ठेवायची. सासूबाईंनी पर्समधून मेतकुटाची पुडी काढली आणि दुकानाच्या खिडकीशी उंच स्टुलावर बसून भात कालवला. तुम्हीही एक पुडी न्या.

बुसानचे दोन नामांकित पदार्थ, दुएजी गुकबाप आणि मिलम्यॉन, मांसाहाऱ्यांसाठी. पहिला डुकराच्या हाडांच्या रश्शातला भात. दुसऱ्याची कथा मला फार आवडते. उत्तरेकडून आलेल्या लोकांना आपल्या गावच्या थंड शेवया खायच्या होत्या, पण त्यांना लागणारं बकव्हीटचं, म्हणजे कुट्टूचं, पीठ इथे मिळेना. मदत म्हणून आलेला गहू भरपूर होता. त्यांनी गव्हाच्याच शेवया केल्या, आणि तो बुसानचा पदार्थ झाला.

दुसरा दिवस: यॉंगदो बेट

शक्य असेल तर हा दिवस शनिवारी येईल असं बघा. नाम्पोजवळचा यॉंगदो पूल १९३४चा, आणि त्याचा एक भाग पूर्वी बोटींसाठी उचलला जाई. आता शनिवारी दुपारी दोनला तो पंधरा मिनिटं उचलतात. दुरुस्तीच्या काळात बंद असतो, म्हणून आदल्या दिवशी पर्यटन केंद्रात विचारून घ्या. ताटातूट झालेल्या कुटुंबांनी एकमेकांना «यॉंगदो पुलावर भेटू» एवढंच सांगून घर सोडलं होतं, कारण बुसानातलं त्यांना ठाऊक असलेलं नाव तेवढंच. दिवसेंदिवस लोक इथे उभे असत. पुलाखाली ज्योतिषी बसत, आपला माणूस जिवंत आहे का हे सांगायला.

सकाळी आधी हिन्न्यॉउल वाडी करा. पांढऱ्या घरांची एक ओळ कड्याच्या टोकावर, खाली समुद्र, आणि समुद्रात नांगर टाकून थांबलेली डझनावारी जहाजं. वरच्या गल्लीतून चालत एका चहाच्या दुकानात बसा, मग जिन्याने खाली किनाऱ्याच्या वाटेवर उतरा. गुडघे दुखत असतील तर वरच थांबा, नजारा वरूनच चांगला.

तिथून बसने थेजोंगदे, बेटाच्या दक्षिण टोकाचे कडे आणि पाइनचं रान. शिल्ला या प्राचीन कोरियन राज्याच्या थेजोंग राजावरून नाव पडलं. आत दानुबी नावाची चाकांवरची छोटी गाडी गोल फिरते, ठिकठिकाणी उतरून पुढच्या गाडीत चढता येतं. दीपगृहापाशी उतरा. १९०६पासून इथे दिवा आहे. खाली खडकांपर्यंत पायऱ्या जातात, आणि वारा असला की लाटांचे तुषार तोंडावर येतात.

पुलाच्या वेळेला परत या. संध्याकाळी दम असेल तर सॉम्यॉनला गाडी बदलून हिरव्या लाइनने ग्वांगल्ली. शनिवारी रात्री या किनाऱ्यावर शेकडो ड्रोन आकाशात चित्रं काढतात. उन्हाळ्यात आठ आणि दहाला, हिवाळ्यात सात आणि नऊला. वारा-पाऊस असेल तर रद्द होतं. ड्रोन नसले तरी समोरचा ७.४ किलोमीटरचा ग्वांगान पूल रात्री पाहण्यासारखा आहेच. तास आधी जाऊन वाळूत चटई टाका.

तिसरा दिवस: पूर्वेचा किनारा

पहाटे उठा. हेदोंग योंगगुंगसा हे देऊळ समुद्राच्या खडकांवर आहे. १३७६मध्ये नाओंग या भिक्षूने ते स्थापलं, जपानी स्वारीत जळलं, पुढे विसाव्या शतकात पुन्हा उभं राहिलं. कोरियातली बहुतेक बौद्ध मंदिरं डोंगरात आहेत, म्हणून याचं अप्रूप. दहानंतर इथे मुंगीला शिरायला जागा नसते. सूर्योदयाला गेलात तर १०८ पायऱ्या उतरताना फक्त लाटा ऐकू येतात. प्रवेश मोफत. इतक्या लवकर टॅक्सीच बरी. उशिरा जायचं तर हेउन्डेहून बस मिळते. पायऱ्यांना पर्याय नाही, हे वयस्करांना आधी सांगून ठेवा.

तिथून सोंगजॉंग किनारा टॅक्सीने थोड्याच अंतरावर. इथून जुन्या रेल्वेमार्गावरची किनारागाडी सुटते. पूर्वीचा हा लोहमार्ग आत हलवल्यावर ४.८ किलोमीटरचा पट्टा पर्यटकांसाठी ठेवला, २०२०मध्ये तो सुरू झाला. सोंगजॉंग ते छॉंगसापो या गाडीने या, दीपगृहांच्या बंदरावर उतरा, शिंपले भाजून देणारी दुकानं आहेत, तिथे जेवा. पुढचे दोन किलोमीटर मिपोपर्यंत ते प्रसिद्ध रंगीत डबे उंचावरच्या रुळांवरून चालण्याच्या वेगाने जातात. डब्याचं तिकीट माणशी नसून अख्ख्या डब्याचं असतं, चौघांपर्यंत बसतात. ऑनलाइन वेळ आधी राखून ठेवा. मिपोकडून लोक जास्त चढतात, उलट दिशेने आलात तर वेळ मिळण्याची शक्यता बरी. तिकीट नाहीच मिळालं तर हळहळू नका, रुळांशेजारून लाकडी पायवाट आहे, मोफत आहे आणि समुद्र तोच आहे.

मिपोला उतरलं की समोर हेउन्डेचा दीड किलोमीटरचा किनारा. पोहायची परवानगी फक्त उन्हाळी हंगामात, ठरावीक वेळेत आणि खुणेच्या तरंड्यांच्या आत. किनारा संपतो तिथे दोंगबेकसॉम, कमेलियाच्या झाडांचं टेकाड, पूर्वी बेट होतं. २००५च्या अपेक, म्हणजे आशिया-प्रशांत देशांच्या आर्थिक सहकार्य परिषदेसाठी बांधलेलं नुरिमारू हे गोल सभागृह इथे आहे. संध्याकाळची फेरी सपाट आणि सावलीची, सासूबाईंना चार दिवसांत सगळ्यात आवडलेली.

चौथा दिवस: मत्स्याचं देऊळ आणि गरम पाणी

नारिंगी लाइनने बॉमॉसा स्टेशन, तिथून ९० क्रमांकाची बस. ६७८ साली उइसांग या भिक्षूने स्थापलेलं हे देऊळ गुमजॉंग डोंगराच्या कुशीत आहे. नावातला «बॉम» म्हणजे ब्रह्म आणि «ऑ» म्हणजे मासा. डोंगरमाथ्यावरच्या खडकातल्या सोनेरी पाण्याच्या कुंडात स्वर्गातून एक सोनेरी मासा उतरला, अशी कथा आहे. पहिल्या दारापाशी थांबा: चार दगडी खांब एका रेषेत, आणि वर अख्ख्या छपराचा भार.

इथे मुक्कामी राहण्याचा कार्यक्रम असतो, आधी नोंदणी करावी लागते. मठातलं जेवण पूर्ण शाकाहारी, आणि त्यात कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या माणसाने कोरियात निर्धास्त जेवावं अशी ही जागा आहे.

उतरताना दोंगने भागात गरम पाण्याचे झरे आहेत. हॉशिमछॉंग हे तिथलं मोठं सार्वजनिक स्नानगृह. बायका-पुरुषांचे विभाग वेगळे, पण आत कपडे अजिबात चालत नाहीत. आपल्याला पहिल्यांदा संकोच होतो. आधी बाकावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, केस वर बांधायचे, मगच हौदात उतरायचं. पाच मिनिटांनी कळतं की कुणीही कुणाकडे पाहत नाही. संकोच जाणार नसेल तर जवळच पाय बुडवून बसायची मोफत जागा आहे, सासूबाईंनी तिथेच अर्धा तास काढला.

डोंगर नको असेल तर या दिवशी संयुक्त राष्ट्रांची दफनभूमी पाहा. देयॉन स्टेशनपासून चालत जाता येतं. जगात संयुक्त राष्ट्रांची अशी ही एकमेव. भारताने या युद्धात लढाऊ फौज पाठवली नाही, पण ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स हे सैनिकी वैद्यकीय पथक लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर १९५०मध्ये इथेच, बुसान बंदरात उतरलं होतं. त्यानंतर वेळ उरला तर ओर्युकदोपासून इगिदेपर्यंतची ४.७ किलोमीटरची कड्याकडची वाट चाला. चढउतार आहेत, चांगले बूट हवेत, दोन-अडीच तास लागतात.

पाचवा दिवस हाताशी असेल तर लाइट रेलने गिम्हे. अयुता नावाच्या दूरदेशाची राजकन्या इ.स. ४८मध्ये जहाजाने आली आणि सुरो राजाची राणी झाली, असं कोरियातला तेराव्या शतकातला ग्रंथ सांगतो. अयुता म्हणजे अयोध्या असं अनेक कोरियन लोक मानतात. इतिहासकारांचं यावर एकमत नाही, पण राजाच्या समाधीच्या दारावर समोरासमोर तोंड केलेले दोन मासे रंगवले आहेत, आणि राणीच्या समाधीजवळ तिने जहाजातून आणला असं सांगितलं जाणारा दगडी स्तूप आहे. तुम्ही भारतातून आलात हे कळलं की तिथली वयस्कर माणसं थांबून बोलतात.

परतीची गाडी संध्याकाळी उशिराची घ्या. सामान बुसान स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवा आणि अंधार पडायच्या सुमारास स्टेशनमधून बंदराकडे जाणाऱ्या उंच पादचारी पुलावर जा. समुद्राकडे पाठ करून डोंगरांकडे पाहा. युद्धकाळात रात्री बंदरात शिरणाऱ्या परदेशी जहाजांवरच्या लोकांना वाटायचं की हे उंच इमारतींचं केवढं मोठं शहर आहे, आणि सकाळ झाली की दिसायचं, डोंगरभर झोपड्या आहेत आणि ते दिवे त्यांचे होते, अशी गोष्ट इथे सांगतात. आम्ही उभ्या होतो तेव्हा समोरच्या छोर्यांग वस्तीच्या उतारावर दिवे लागायला सुरुवात झाली होती, खालून वर, एकेक करत. गाडीला वीस मिनिटं होती.